माजी विद्यार्थ्यांना नेमकं काय विचारायचं

मुलाला पर्यायी, म्हणजे नेहमीच्या मार्क-परीक्षांच्या चौकटीबाहेरच्या शाळेत घालायचं मनात असेल तर माहितीपत्रक ठेवा बाजूला आणि तिथून निघून दहाएक वर्षं झालेल्या तिघाचौघांशी निवांत बोला. पगार नका विचारू, त्यातून काही कळत नाही. मार्क, टाइमटेबल, परीक्षा असलेल्या कॉलेजात पहिले सहा महिने कसे गेले ते विचारा, कुणाचं गणित मागे पडलेलं असेल तर ते कसं भरून काढलं, कुणाच्या मदतीने, हेच खरं ऐकण्यासारखं असतं. सडबरी व्हॅली ही १९६८ ची अमेरिकेतली शाळा, सक्तीचे तासच नाहीत, तिच्या माजी विद्यार्थ्यांवर पीटर ग्रे आणि डेव्हिड चॅनॉफ यांचा अभ्यास १९८६ मध्ये आला, त्यात कॉलेजला गेलेल्यांना फारशी अडचण आली नव्हती. पण खूश असलेलेच बोलायला पुढे येतात, म्हणून मधेच शाळा सोडलेला एकतरी शोधाच.