कोकणातून कीलला : संशोधन-इंटर्नशिपचे पहिले आठवडे

दरवर्षी गणपतीला रत्नागिरीच्या घरी गेलो की, आरत्या आटोपल्यावर ओटीवर कोणी ना कोणी विद्यार्थी भेटायला येऊन बसलेला असतो. कोणी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातला, कोणी दापोलीच्या कृषी विद्यापीठातला, कोणी रत्नागिरीतच एम.एस्सी. करणारी मुलगी. जर्मनीतल्या एखाद्या संशोधन संस्थेत दोन-तीन किंवा सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळण्याची आशा असते, आणि प्रश्न बहुतेक सारखेच असतात : थंडी किती, खर्च किती, जेवणाचे काय. मी गेली अठरा वर्षे उत्तर जर्मनीत, बाल्टिक समुद्रावरच्या कील या बंदराच्या शहरात राहतो आणि आमच्या प्रयोगशाळेत दर उन्हाळ्यात असे विद्यार्थी येताना पाहतो. ओटीवर जे कोणी विचारत नाही, पण ज्याच्यापायी पहिले तीन आठवडे हातचे जातात, त्याबद्दल इथे लिहीत आहे.

सामानापासून सुरुवात करतो, कारण घरची माणसे तिथूनच सुरुवात करतात. युरोपीय संघाच्या बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. त्यामुळे घरचे तूप, पेढे, खव्याच्या वड्या पिशवीत घालू नयेत. तपासणीत सापडल्यास त्या काढून घेतल्या जातात. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून हापूसही न्यायचा नाही. हा नियम उगाच नाही. फळमाशी सापडल्यामुळे मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. एका प्रवाशाच्या पिशवीतल्या आंब्यातूनही तीच माशी जाऊ शकते. नारळाला मात्र हा दाखला लागत नाही. आमसुले, कुळथाचे पीठ, मेतकूट, भाजणी, वाळवलेली तिरफळे खुशाल न्यावीत. सुकी मासळी नियमात बसते, तरीही पाच जणांचे एकच स्वयंपाकघर असलेल्या घरात ती पहिल्या महिन्यात भाजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फोडणी देण्याआधीसुद्धा खिडकी उघडावी, कारण छताला धुराची सूचना देणारे यंत्र असते आणि ते वाजले की सारी इमारत जागी होते. रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ तिथे सगळे मनापासून पाळतात.

घर मिळाले की पहिल्याच दिवशी करायचे काम अगदी लहान आहे, आणि तेच हमखास राहून जाते. आपल्याकडे पाकिटावर नाव, वाडी आणि गाव लिहिले तरी पोस्टमन बरोबर अंगणात येतो, कारण तो घरातल्या माणसांना ओळखतो. जर्मनीत पत्त्यात खोलीचा किंवा फ्लॅटचा क्रमांक सहसा नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचे आडनाव वाचतो, आणि ते नसेल तर पत्र परत जाते. बँकेचे कार्ड, त्याचा गुप्त क्रमांक, विम्याचे कागद, सरकारी कचेरीचे पत्र, हे सगळे तिथे अजूनही टपालानेच येते. म्हणून पासपोर्टवर आडनाव जसे लिहिले आहे तसेच, स्पष्ट अक्षरांत, टपालपेटीवर आणि दाराच्या घंटीवर लावावे. दुसऱ्याच्या नावावरच्या घरात तात्पुरते राहत असाल तर त्याला विचारून त्याच्या नावाखाली आपले लावावे. एका विद्यार्थिनीचे बँकेचे कार्ड केवळ एवढ्याच कारणाने दोनदा परत गेले आणि शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर असूनही तिने तीन आठवडे उसनवारीवर काढले.

मुक्काम तीन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ज्याला तिथे आनमेल्डुंग म्हणतात ती, करावी लागते. त्यासाठी घरमालकाची सही असलेले, तुम्ही तिथे राहायला आलात असे सांगणारे पत्र लागते. भाडेकराराची प्रत त्याऐवजी चालत नाही. ते पत्र किल्ली हातात घेतानाच मागावे. कचेरीतली वेळ आधी घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही, म्हणून पत्ता नक्की होताच भारतातूनच ती पाहून ठेवावी. तीन महिन्यांच्या आतल्या मुक्कामाला ही नोंदणी सहसा लागत नाही, तरी संस्थेत परदेशी पाहुण्यांचे काम पाहणारी जी व्यक्ती असते तिला आपली तारीख सांगून एकदा विचारून घ्यावे. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता पडेपर्यंत महिन्याभराचा खर्च आपल्यापाशी हवा आणि त्यातला काही भाग रोख हवा, कारण लहान बेकऱ्या आणि बाजारातले विक्रेते कित्येकदा परदेशी कार्ड घेत नाहीत. रविवारी दुकाने बंद असतात. मे महिन्यात सणांच्या सुट्ट्याही बऱ्याच येतात, त्यामुळे सुट्टीच्या आदल्या दिवशी डाळ-तांदूळ आणून ठेवावेत.

प्रवासासाठी देशभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारे मासिक तिकीट आहे. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झाले आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोला मिळते. ते जलद आंतरशहरी गाड्यांत चालत नाही, आणि आपण बंद केल्याशिवाय ते दर महिन्याला आपोआप चालू राहते. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द केले तरच त्या महिन्याअखेर बंद होते, त्यामुळे परतीची तारीख ठरताच रद्द करण्याची तारीखही लिहून ठेवावी. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७ हे दोन क्रमांक फोनमध्ये आधीच असू द्यावेत.

आता प्रयोगशाळेकडे वळतो. पहिल्या दिवशी सुरक्षिततेची माहिती देऊन त्यावर सही घेतात. ती होईपर्यंत प्रयोगाला हात लावू देत नाहीत, यात अविश्वास नसतो. नऊची बैठक म्हणजे नऊला सगळे बसलेले असतात. संशोधकाच्या खोलीचे दार लोटलेले असले तरी ते ‘येऊ नका’ असे सांगत नसते. ठोठावून आत जावे. पहिल्या पत्रात ‘प्रोफेसर’ आणि आडनाव लिहावे, आणि उत्तराखाली त्यांनी केवळ पहिले नाव लिहिले असेल तर पुढे त्याच नावाने हाक मारावी. आपल्या जिभेला हे जड जाते, मला आजही कधी कधी जाते, पण त्यात अनादर नाही.

खरी अडचण याहून खोल आहे. आपण कोकणातली मुले भिडस्त वातावरणात वाढतो. मोठ्या माणसाने एकदा सांगितले की मान हलवायची, कळले नसेल तर दुसऱ्या कोणाला तरी हळूच विचारायचे, मोठ्यांना पुन्हा पुन्हा त्रास द्यायचा नाही, हे संस्कार आहेत आणि घरात ते शोभतात. जर्मन प्रयोगशाळेत मान हलवणे म्हणजे ‘कळले, आता मी एकटा करू शकतो’ असा सरळ अर्थ घेतला जातो आणि त्यानंतर कोणी येऊन पाहत नाही.

माझ्या तिसऱ्या आठवड्यात मला सूक्ष्म शैवालाच्या संवर्धनासाठी माध्यम, म्हणजे ते ज्यात वाढवतात ते खारे पाणी, तयार करायला सांगितले होते. रत्नागिरीच्या समुद्राची क्षारता दर किलो पाण्यामागे पस्तीस ग्रॅमच्या घरात असते, आणि समुद्राचे पाणी म्हणजे पस्तीस हे माझ्या डोक्यात इतके पक्के होते की मी तेवढेच मीठ मोजले. बाल्टिक हा जवळजवळ चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला, नद्यांचे गोडे पाणी पोटात घेणारा समुद्र आहे. कीलजवळ त्याची क्षारता साधारण पंधरा ते वीसच्या दरम्यान राहते आणि ते शैवाल तिथलेच होते. सूचनेच्या कागदावरचा आकडा मला लहान वाटला होता, तो चुकीचा छापला असेल अशी शंका मनात आली होती, पण विचारायला मी गेलो नाही. चार दिवसांत बाटल्या फिक्या पडल्या आणि नव्याने सुरुवात करण्यात दोन आठवडे गेले. माझ्या मार्गदर्शकांनी रागावून काहीच म्हटले नाही. ‘शंका आली तेव्हा का नाही विचारलेस?’ एवढेच त्यांनी खरोखरच्या कुतूहलाने विचारले, आणि माझ्याकडे त्यांना समजेल असे उत्तर नव्हते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यापासून एक सवय लावतो. सूचना ऐकल्यावर ती आपल्या शब्दांत पुन्हा बोलून दाखवायची, आणि दिवसभरात आलेल्या शंका प्रयोगवहीच्या उजव्या पानावर तारखेसह लिहून संध्याकाळच्या आत विचारायच्या. ही वही बॉलपेनने लिहायची, चूक झाल्यास एक रेघ मारून खोडायची, पान फाडायचे नाही. इंटर्नशिप संपल्यावर ती संस्थेतच राहते. तुमच्या कामावर कोणी थेट ‘हे बरोबर नाही’ म्हणाले तर तो शेरा त्या कामापुरताच असतो, आणि दुपारी तीच व्यक्ती तुम्हाला जेवायला मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, बोलावते. तिथे फलकावर ‘श्वाइन’ म्हणजे डुकराचे आणि ‘रिंड’ म्हणजे गोमांस हे दोन शब्द ओळखता आले की बरेचसे भागते.

समुद्राकाठी वाढलेल्यांना कीलचे पाणी काही दिवस चकवते. भरती-सुकतीचे गणित आपल्या अंगात मुरलेले असते, पण इथे भरती जवळजवळ जाणवत नाही. पाण्याची पातळी मुख्यतः वाऱ्यामुळे वर-खाली होते, म्हणून नमुने घ्यायला जाण्याआधी वाऱ्याचा अंदाज पाहावा. धक्क्यावर गरी टाकून बसण्याचा मोह होईल, परंतु परवान्याशिवाय तिथे मासे धरता येत नाहीत. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो आणि पहाटे पाचच्या आधी पुन्हा उजाडते. पहिल्या आठवड्यात झोप न लागण्याचे कारण पुष्कळदा घरची आठवण नसून हा उजेड असतो; जाड पडदा नसेल तर डोळ्यांवर बांधायची पट्टी जवळ ठेवावी.

घरच्यांशी बोलण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे घरी रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तुमचे काम साडेपाचला आटोपत असते आणि ती वेळ दोघांना सोयीची पडते. जून-जुलैत पावसाने इकडे वीज आणि नेटवर्क दिवसदिवस जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरीही परदेशात फोन लागला नाही की मन भलतीकडे धावते. शेजारच्या वाडीतला किंवा शहरातल्या एखाद्या नातेवाइकाचा दुसरा क्रमांक सोबत असू द्या, आणि ‘दोन दिवस फोन लागला नाही तर काळजी करू नये’ असे आईला आधीच सांगून ठेवा.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मार्गदर्शकांची अर्ध्या तासाची वेळ मागून घ्यावी आणि एका पानावर तीन गोष्टी लिहून न्याव्यात : आतापर्यंत काय झाले, कुठे अडले आहे, आणि उरलेल्या आठवड्यांत यातले काय पुरे होऊ शकेल. त्यांनी बोलावण्याची वाट पाहू नये, कारण जुलै लागला की तिथली माणसे आळीपाळीने दीर्घ रजेवर जातात आणि अडलेल्या कामाबद्दल विचारायला प्रयोगशाळेत कोणी सापडत नाही.