गावचे कागद काढताना या चुका टाळा

गणपतीला चाकरमानी गावी आले की चार दिवसांत सगळे कागद काढायची घाई सुटते. कुठला कागद कुणाकडे मिळतो, हे मात्र आधी कुणी विचारत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून लिहितो.

सगळ्यात मोठी चूक वाडीला गाव समजण्याची. आपण राहतो वाडीत, पत्ता सांगतो वाडीचा, पण सातबारा निघतो महसुली गावाच्या नावाने. नात्यातले एक काका मुंबईहून आले, मोबाईलवर महाभूलेख ही जमिनीच्या उताऱ्यांची सरकारी वेबसाइट उघडली, जिल्हा-तालुका बरोबर निवडला आणि गावांच्या यादीत वाडीचं नाव शोधत बसले. सापडेना. "आमची जमीन खंय गेली?" म्हणून आरडाओरडा, चुलत भावावर संशय, वकिलाला फोनसुद्धा करून झाला. मी पेटीतली शेतसाऱ्याची जुनी पावती मागितली. 'मौजे'पुढे जे नाव होतं ते निवडलं आणि सातबारा समोर आला. चुलत भाऊ मात्र त्या गणपतीत आरतीलाही आला नाही. मौजे, तालुका, सर्व्हे किंवा गट नंबर आणि खातेदाराचं नाव मी वहीतच लिहून ठेवतो. मोबाईल पुढची गोष्ट.

दुसरी चूक ८अ आणि नमुना ८ यांची. ८अ हा जमिनीच्या खात्याचा उतारा, तो तलाठ्याकडचा. घराचा नमुना ८ ग्रामपंचायतीचा. वीजजोडणीसाठी घराचा उतारा मागितला की लोक हटकून ८अ घेऊन जातात आणि परत आल्यावर सरकारला शिव्या घालतात. सातबारा, फेरफार, वारस नोंद तलाठ्याकडे, घरपट्टी ग्रामसेवकाकडे. 2024 पासून तलाठी 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवक 'ग्रामपंचायत अधिकारी' झालेत, पाटी बघून परत फिरू नका. आणि गट ग्रामपंचायतीत एकाहून जास्त गावं असतात. तिची हद्द आणि तलाठ्याचा सजा, म्हणजे त्याच्या ताब्यातली गावं, जुळतीलच असं नाही.

कणकवली, कुडाळसारख्या नगरपंचायतीत घरपट्टी नगरपंचायतीत भरा, सातबारा तिथे मागू नका.

जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण हे मतदानापुरते. अर्जात गाव-तालुका लिहा.

जमिनीच्या जुन्या दस्तावर जिल्हा रत्नागिरी आणि जमीन मालवणात? घाबरू नका. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला 1 मे 1981 ला, त्याआधीचे कागद तसेच असणार. आणि कलेक्टर ऑफिस ओरोसला आहे, सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी नाही. हसू नका, विचारणारे भेटलेत.

संगमेश्वर तालुक्याचं काम असेल तर संगमेश्वरात तहसील शोधू नका. ते देवरुखला आहे. एजंटच्या नादी लागलात तर तोही तिथेच जाणार, फक्त तुमच्या पैशाने.