गिटारचे पिकअप मागवण्याआधी

पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेला, चुंबक आणि वायरीचे वेढे (कॉइल) असलेला भाग; तो तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो. तो बदलायचा असेल तर आधी वही घ्या आणि आताच्या आवाजाबद्दलची तक्रार एका वाक्यात लिहा. 'आवाज बरा नाही' एवढ्याने भागत नाही. डिस्टॉर्शन चढवलं की जाड तारांचे कॉर्ड गढूळ होतात, ब्रिजच्या (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथल्या) पिकअपवर बारीक तारा कानाला टोचतात, वाजवणं थांबलं की नुसती गुणगुण ऐकू येते, असं नेमकं लिहा. पिकअप या वाक्यासाठी घ्यायचा असतो, कोण्या मोठ्या वादकाच्या नावासाठी नाही.

मग नव्या तारा चढवा आणि आहे त्याच पिकअपची उंची बदलून पाहा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि तार ते पिकअप अंतर पट्टीने मोजायचं. 2 ते 3 मिलिमीटरपासून सुरुवात करा. सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप) फार वर आला की चुंबक तारेला ओढतो, सूर डळमळतो आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर लागणं) काही केल्या जुळत नाही. कितीतरी तक्रारी इथेच मिटतात, म्हणून ही पायरी गाळू नका.

तक्रार उरलीच, तर मापं घ्या. पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर पिकअपच्या बरोबर वर मोजा. हमबकर (दोन कॉइलचे, गुणगुण कमी करणारे पिकअप) साधारण 49-50 आणि 52-53 मिलिमीटर अशा दोन मापांत मिळतात. पिकअप ज्या खाचेत बसतो तिची खोलीही मोजा. मी एकदा ती न मोजता हमबकर मागवला. त्याचे पाय लांब निघाले, खाचेच्या तळाला टेकले, आणि पिकअप इतका वर राहिला की सहावी तार दाबली की त्यालाच घासायची. सिंगल कॉइलच्या खाचेत पूर्ण आकाराचा हमबकर मावत नाही. गुणगुण घालवायची असेल तर त्याच आकारात बसणारे हमबकर मिळतात. गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो याच गुणगुणीवरच्या उपायासाठी: दोन कॉइल उलटसुलट जोडायच्या, चुंबकाची दिशाही उलट ठेवायची, म्हणजे गुणगुण एकमेकींना खोडते आणि तारांचा आवाज मात्र जोडला जातो.

आता किलोओहमचा आकडा, म्हणजे कॉइलचा विद्युत रोध. जुन्या धाटणीचा स्ट्रॅटचा (फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर गिटारचा) पिकअप 6 च्या आसपास, जुन्या धाटणीचा हमबकर 8 च्या आसपास, तगडे हमबकर 14-16 पर्यंत. पण वायर बारीक असली तरी हा आकडा चढतो, त्यामुळे नुसता तो पाहून जोर ठरवू नका. चुंबकही पाहा (अल्निको हा अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेला मिश्रधातू): अल्निको 2 मऊ, अल्निको 5 जास्त उजळ आणि बास घट्ट, सिरॅमिक जोरकस आणि धारदार. वेढे वाढले की जोर वाढतो आणि वरचे सूर दबतात. म्हणून गढूळ आवाजाच्या गिटारला लोक सर्रास तगडा पिकअप लावतात, तेव्हा मला वाईट वाटतं. तिथे कमी वेढ्यांचा घ्यावा.

गिटार उघडून पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे बदलते रोधक, पाहा. सिंगल कॉइलला सहसा 250 के (किलोओहम), हमबकरला 500 के. अ‍ॅक्टिव्ह पिकअप (बॅटरीवर चालणारे) घेणार असाल तर 25 के लागतात आणि 9 व्होल्टची बॅटरी ठेवायला जागा हवी.

दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र लावणार असाल तर वायरींचे रंग आधी पडताळा. सीमोर डंकनची हॉट (सिग्नल नेणारी) वायर काळी, डिमार्झिओची लाल. चुकलं तर दोन्ही पिकअप एकत्र वाजवताना आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येतो. चार वायरींचा पिकअप असेल तर हॉट आणि ग्राउंड (परतीची वायर) अदलाबदल करून फेज (दोन पिकअपच्या लहरींचा मेळ) सुधारता येते. जाळीच्या आवरणातल्या एकाच वायरीचा असेल तर तसं करता येत नाही, कारण ती जाळीच ग्राउंड असते.

सोल्डरिंगच्या दिवशी मल्टिमीटर, रोझिन असलेलं सोल्डर आणि पॉटची पाठ तापवू शकेल अशी दमदार आयर्न जवळ ठेवा. काही सोडवण्याआधी आतल्या वायरिंगचे फोटो काढा. जुन्या वायरी कापू नका, सोल्डर वितळवून सोडवा. जोडणी झाली की तारा चढवण्याआधीच केबल लावा आणि सिलेक्टर फिरवत एकेका पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक करा; जो निवडलाय त्यातूनच ठळक आवाज आला पाहिजे. जुने पिकअप त्यांच्या स्क्रू आणि स्प्रिंगांसकट नव्याच्या डबीत घाला आणि कुठला ब्रिजचा, कुठला नेकचा, ते डबीवर लिहून ठेवा.