जुन्या पिकअपचं पुढचं चाक थरथरतंय? आधी ढिलाई शोधा, मग सुटे भाग आणा

७० च्या वेगात पुलाच्या जोडावरून चाक जातं आणि पुढच्याच क्षणी स्टीअरिंग हातात गदगदा हलायला लागतं. डॅशबोर्ड खडखडतो आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबत नाही. पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असलेल्या जुन्या पिकअपचा हा खास आजार. असं झालंच तर जोरात ब्रेक मारू नका आणि स्टीअरिंगशी कुस्तीही खेळू नका. ते घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या आणि गाडी कडेला घ्या.

यावर बहुतेक जण पहिला खर्च करतात तो स्टीअरिंग डॅम्परवर, म्हणजे स्टीअरिंगचे धक्के शोषणाऱ्या छोट्या शॉकअपवर. मीही तेच केलं होतं. नवा डॅम्पर बसवला, गाडी दोन महिने शहाण्यासारखी वागली आणि मग पुन्हा तेच. नंतर टायर बदलले. शेवटी दोष निघाला पॅनहार्ड रॉडच्या (ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून तो चॅसिसला धरणारा दांडा) बोल्टपाशी: ब्रॅकेटचं भोक झिजून लांबट झालं होतं. डॅम्पर थरथर दाबतो, पण ती जिथून येते ती ढिलाई तशीच राहते. म्हणून तो सगळ्यात शेवटी बदला.

मुळात होतं काय? ढकलगाडीचं पुढचं फिरकं चाक वेग वाढला की डावीउजवीकडे फडफडतं, तसंच काहीसं इथे होतं. चाकाला सरळ ठेवणारा कॅस्टर कोन (चाक वळतं त्या अक्षाचा पुढेमागे कल) बिघडलेला असेल, सांध्यांमध्ये थोडा थोडा प्ले (मोकळी हालचाल) असेल आणि वर एखादा धक्का बसला, तर चाक एकदा हलतं आणि ढिलाईमुळे हलतच राहतं. एकेका सांध्यातला प्ले क्षुल्लक वाटला, तरी चार सांध्यांचा मिळून तो पुरेसा होतो.

थरथर कोणत्या जातीची?

एका ठरावीक वेगाला, समजा ८० ते १०० च्या दरम्यान, बारीक कंप येतो आणि त्याच्यापुढे कमी होतो, तर आधी व्हील बॅलन्सिंग करा. धक्का बसल्यावरच भयंकर हेलकावे येत असतील, तर ढिलाई शोधा. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग हलत असेल, तर ब्रेक डिस्क किंवा ड्रम तपासा. मग टायरवरून हात फिरवा. घासलेल्या रबरात ठिकठिकाणी खळगे लागले, तर शॉकअप किंवा बॅलन्स बिघडलाय. एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट दिशेने कडा टोचतात, तर टो (वरून पाहता चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते) चुकलाय. एकच कड घासली असेल, तर बहुधा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) बिघडलाय. हवेचा दाबही आत्ताच बघून टाका, ते फुकटचं काम आहे.

जमिनीवरची तपासणी

ही तपासणी सगळ्यात कामाची, आणि हीच लोक टाळतात. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, मागच्या चाकांना ठोकळे. पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. साथीदाराने स्टीअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं सतत हलवत राहायचं. तुम्ही बाजूने वाकून बघा. गाडीखाली पूर्ण शिरू नका.

आता स्टीअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत एकेका सांध्यावर बोटं ठेवत जा. स्टीअरिंगचा शाफ्ट फिरतो पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा दांडा) उशिरा हलतो, तर प्ले बॉक्समध्ये. बॉक्सच चॅसिसवर हलतो, तर त्याचे बोल्ट सैल आहेत किंवा चॅसिसला तडा आहे; तिथली माती खरवडून बघा. ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) यांच्या टोकांवर बोट ठेवल्यावर ‘टक’ जाणवली, तर ते टोक गेलं. पॅनहार्ड रॉड असेल तर त्याची दोन्ही टोकं नीट बघा. बोल्ट भोकात किंचितही सरकत असेल, तर नुसता आवळून भागणार नाही. लांबट भोक वेल्डिंग करून पुन्हा पाडावं लागतं किंवा ब्रॅकेट बदलावं लागतं.

चाक उचलून

जॅकवर उचला, पण कामाला हात लावण्याआधी खाली स्टँड द्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. सलग ॲक्सल असेल तर स्टँड ॲक्सलखाली द्या. स्वतंत्र सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होणारं) असेल आणि कॉइल किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळी) खालच्या आर्मवर असेल, तर आधार त्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या (चाकाजवळचा गोळीचा सांधा) जवळ द्या. नाहीतर स्प्रिंगचा ताण सांध्यावर राहतो आणि प्ले लपतो.

चाक वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. प्ले लागला तर साथीदाराला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गायब झाला, तर तो व्हील बेअरिंगचा. राहिला, तर बॉल जॉइंटचा किंवा किंग पिनचा (चाक ज्या खुंटीवर वळतं ती). चाकाखाली पहार घालून उचलून बघितलं, तर खालचा बॉल जॉइंट आणखी स्पष्ट बोलतो. मग डावीउजवीकडे धरून हलवा. इथला प्ले बहुधा टाय रॉडच्या टोकाचा असतो.

दुरुस्ती

टाय रॉडचं टोक घरी बदलता येतं. जुनं काढण्याआधी ते किती आटे आत होतं ते मोजा आणि नवं तितकंच बसवा. म्हणजे अलाइनमेंटपर्यंत (चाकांचे कोन जुळवून घेईपर्यंत) गाडी सरळ तरी जाईल. कॅसल नटमध्ये (वर खाचा असलेला नट) स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुपदरी पिन) जात नसेल, तर पुढची खाच भोकासमोर येईपर्यंत नट आवळा, सैल कधीच करू नका. जुनी पिन पुन्हा वापरू नका.

निमुळत्या रोलरचं (टेपर) बेअरिंग असेल, तर ते धुऊन रोलर बघा. निळसर डाग किंवा खड्डे दिसले, तर आतलीबाहेरची रिंग धरून पूर्ण जोडी बदला. बसवताना चाक फिरवत नट आवळा, मग सैल करून मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला आणा.

किंग पिनचा बुश (पिनभोवतीची नळी) रीमरने (भोक मापात कापणारं हत्यार) मापात आणावा लागतो आणि पिन अनेकदा प्रेसशिवाय हलत नाही. ते काम वर्कशॉपला द्या. कॉइल स्प्रिंग उतरवणंही तसंच: दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाडं मोडते.

पाट्यांचं (पोलादी पानांच्या स्प्रिंगचं) काम मात्र दणकट असलं तरी सोपं आहे. आदल्या रात्री शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी हलती कडी) आणि यू बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) यांच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. चॅसिस स्टँडवर घ्या आणि ॲक्सलला खालून जॅकचा आधार द्या. शॉकअपचं खालचं टोक सोडवा, मग यू बोल्ट, मग शॅकल. पाटा बाहेर आल्यावर प्रत्येक पान बघा: मोडलेलं, तडकलेलं, सरकलेलं. पानं मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला असेल, तर ॲक्सलची ती बाजू पुढेमागे सरकते आणि गाडी तिरकी चालते. बुश दबलेले असतील तर दोन्ही बाजूंचे बदला. परत बसवताना सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात बसलंय ना, हे चाचपून बघा. यू बोल्ट नवेच घ्या; जुने एकदा ताणलेले असतात. ते तिरपे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

इथे एक चूक फार होते. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असतानाच पक्के आवळले जातात. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ते आधी हलके लावा, चाकं जमिनीवर आली की टॉर्क पान्याने (ठरावीक जोराइतकंच आवळणारा पाना) पक्के करा.

शॉकअपचं म्हणाल, तर बंपर दाबून किती झोके येतात हे बघायची पद्धत कडक पाट्यांच्या पिकअपवर फसते. तेल गळतंय का आणि सोडवून हाताने ओढल्या-दाबल्यावर मध्येच मोकळा न सुटता सलग विरोध लागतो का, हे बघा. बदलायचे तर जोडीनेच.

स्टीअरिंग बॉक्सवरच्या स्क्रूला शेवटपर्यंत हात लावू नका. बाकी सगळं घट्ट झाल्यावरही मधला प्ले उरला, तरच तो किंचित फिरवा. जास्त आवळला तर वळणानंतर स्टीअरिंग परत येत नाही आणि आतले दात झिजतात.

यानंतर अलाइनमेंट. कॅस्टरही मोजायला सांगा. पाटे बसके झाले असतील किंवा गाडी उंच केली असेल, तर तो हमखास बदललेला असतो. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर घालून तो सुधारता येतो.

पहिली चाचणी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात, मग हळूहळू वाढवत. दहाएक किलोमीटरवर थांबून दोन्ही हबजवळ (चाकाचा मधला भाग) हात न्या. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त तापली असेल, तर त्या बाजूचं बेअरिंग जास्त आवळलं गेलंय किंवा ब्रेक धरतोय. तसं काही नसेल, तर ३०० ते ५०० किलोमीटर झाल्यावर यू बोल्टवर पुन्हा एकदा टॉर्क पाना लावा. पाट्यांची पानं बसतात आणि नट थोडे सैल पडतात.