लाल लेझरचे रंग ताडून पाहताय? या चुका टाळा

लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून दोन लाल लेझर मॉड्यूल आणावेत, भिंतीवर शेजारी शेजारी ठिपके पाडावेत, आणि एक शेंदरी, दुसरा गडद लाल दिसला की "हा 635 आणि हा 650" असं (म्हणजे नॅनोमीटरमधली तरंगलांबी) सांगून मोकळं व्हावं, असं बरेच जण करतात. निष्कर्ष कधी बरोबर निघतो, कधी साफ चुकतो. चुकतो तेव्हा दोष बहुधा मॉड्यूलमधल्या डायोडचा, म्हणजे प्रकाश देणाऱ्या भागाचा, नसतो. पाहणाऱ्याने प्रखरता आणि रंग या दोन गोष्टींची गल्लत केलेली असते. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका त्या एका गल्लतीतून येतात.

सारखे मिलिवॅट म्हणजे सारखा उजेड, हा समज

आपला डोळा लाल टोकाकडे फार झपाट्याने मंदावतो. उजेडात आपली नजर 555 नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्याला सर्वांत तीव्र असते. तिथली संवेदनशीलता 1 धरली, तर सीआयई या प्रकाश-रंगाची मापं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 1924 च्या प्रमाणित वक्रानुसार लाल डायोडच्या नेहमीच्या तरंगलांब्यांचे आकडे असे:

635 नॅनोमीटर: 0.217
650 नॅनोमीटर: 0.107
660 नॅनोमीटर: 0.061
670 नॅनोमीटर: 0.032
690 नॅनोमीटर: 0.008

म्हणजे 635 पासून 650 पर्यंत पंधरा नॅनोमीटर सरकलात की उजेड निम्मा. 660 ला तो साडेतीन पट कमी, 670 ला जवळपास सात पट. बांधकामावर फरशी किंवा फॉल्स सीलिंगसाठी लेझर लेव्हल वापरणारे मिस्त्री "या मशीनची रेघ दिसत नाही, त्या मशीनची दिसते" म्हणतात, त्यामागे अनेकदा एवढंच असतं. एकात 635 चा डायोड, दुसऱ्यात 650 चा, आणि ताकद दोघांची सारखीच. कार्यक्रमांतल्या रंगीत लेझर शोसाठीही 638 चे डायोड पसंत करतात, ते याच कारणाने. हिरव्या-निळ्याशी मेळ घालून पांढरा रंग मिळवायचा तर 650 किंवा 660 ला फारच जास्त वॅट ओतावे लागतात.

आता गंमत अशी की प्रखरता वाढली की रंगाची छटाही सरकते. लाल प्रकाश जास्त प्रखर झाला की तो थोडा पिवळ्याकडे झुकलेला भासतो. मानसशास्त्रात याला बेझोल्ड-ब्र्यूके परिणाम म्हणतात. सारख्या ताकदीचे 635 आणि 660 शेजारी ठेवलेत, तर 635 मुळातच किंचित शेंदरी असतो आणि दुप्पट-चौपट उजळ दिसल्याने आणखी शेंदरी भासतो. यातला किती भाग तरंगलांबीचा आणि किती उजेडाचा, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

यावर उपाय आहे. आधी दोन्हींचा उजेड सारखा करा, मग छटा बघा. तसं केलंत तर 635 आणि 660 मधला फरक उरतो, पण अपेक्षेपेक्षा बराच कमी. 650 आणि 670 मधला तर नवख्याला जेमतेम जाणवतो. लाल टोकाला डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशींपैकी जवळजवळ एकच काम करत असते, आणि तुलनेला दुसरी नसली की डोळ्याला छटा ठरवता येत नाही. सीआयईच्या 1931 च्या तक्त्यात तर 700 नॅनोमीटरच्या पुढचे सगळे रंग एकाच बिंदूवर येऊन बसलेले आहेत.

उजेड जुळवण्यासाठी ताकद वाढवणं

ही चूक सर्वांत धोक्याची आहे. 670 चा ठिपका 1 मिलिवॅटच्या 635 इतका उजळ दिसावा म्हणून ताकद वाढवली, तर जवळजवळ 7 मिलिवॅट लागतील. दिसायला दोन्ही सारखे, पण डोळ्याच्या पडद्यावर पडणारी ऊर्जा सात पट. उष्णतेने पडदा भाजतो तो मिलिवॅटच्या हिशेबाने, आणि प्रकाश किती उजळ दिसतोय याच्याशी त्याचा संबंध नाही. लेझरच्या सुरक्षा-वर्गवारीत दृश्य प्रकाशाच्या सलग लेझरला वर्ग 2 ची मर्यादा 1 मिलिवॅट आहे आणि वर्ग 3आर ची 5 मिलिवॅट. वर्ग 2 सुरक्षित मानला जातो तो पाव सेकंदात पापणी मिटेल किंवा मान वळेल या भरवशावर. प्रकाश मंद दिसत असेल तर तो भरवसाही कमी होतो.

म्हणून मंद असलेला वाढवू नका, उजळ असलेला कमी करा. तेही करंट कमी करून नव्हे. करंट उतरवलात की डायोडचं तापमान बदलतं, तरंगलांबी सरकते, आणि फार उतरवलात तर तो लेझरच राहत नाही. सोपी युक्ती आहे: लेझर डायोडचा प्रकाश बहुतांशी एकाच दिशेने ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत होतात. वाटेत पोलरॉइडचा एक तुकडा धरून हळूहळू फिरवा, उजेड हवा तेवढा उतरतो आणि डायोडला पत्ताही लागत नाही.

लेझर लेव्हलसोबत मिळणारा लाल चष्मा संरक्षणासाठी आहे असं अनेकांना वाटतं. तो फक्त बाकीचा उजेड कापून लाल रेघ उठून दिसावी म्हणून असतो. लाल काच लाल प्रकाश आरपार सोडते, त्यामुळे तो घालून लेझरमध्ये डोकावणं म्हणजे उघड्या डोळ्यांनी डोकावण्यासारखंच. हिरव्या लेझरसाठी बनवलेले केशरी गॉगलही लाल अडवत नाहीत.

लेबलवर विश्वास

स्वस्त पॉइंटरवर "650 ± 10" असं छापलेलं असतं. हे ± 10 दुर्लक्ष करण्याजोगं वाटतं, पण 640 ला संवेदनशीलता 0.175 आणि 660 ला 0.061, म्हणजे एकाच लेबलखाली जवळपास तिपटीचा फरक मावतो. "5 मिलिवॅटपेक्षा कमी" या ओळीचंही तसंच, आतली खरी ताकद जास्त निघू शकते. दोन "650" पॉइंटर वेगळे दिसले म्हणून चक्रावून जाऊ नका आणि एक "635" व एक "650" सारखे दिसले म्हणून दुकानदाराशी लगेच भांडूही नका. आधी मोजा.

मोजायला स्पेक्ट्रोमीटर हवाच असं नाही. जुनी सीडी पुरते. तिच्या खाचांमधलं अंतर 1.6 मायक्रोमीटर असतं. लेझर सीडीवर अगदी लंब पडेल असा बसवा, म्हणजे परतीचा ठिपका लेझरच्या तोंडापाशीच येईल. आता सीडीपासून बरोबर 1 मीटरवर, लेझरच्या दोन्ही बाजूंना पांढरा पुठ्ठा उभा करा. डावीकडे-उजवीकडे पहिल्या क्रमाचे, म्हणजे मधल्या ठिपक्याला सर्वांत जवळचे, दोन ठिपके पडतील. त्यांच्यातलं अंतर मोजून निम्मं करा. ते 43.2 सेंटीमीटर आलं तर तरंगलांबी 635, 44.5 आलं तर 650, 45.3 आलं तर 660. एका मिलिमीटरची चूक म्हणजे साधारण सव्वा नॅनोमीटरची चूक. घरगुती कामासाठी हे भरपूर आहे. सीडीवरून परावर्तित होणारा झोतही तेवढाच टोकदार असतो, तेव्हा सगळी मांडणी टेबलाच्या उंचीवर ठेवा, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर नको.

कॉलेजात हीलियम-निऑन लेझर असेल तर काम आणखी सोपं. त्याची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर, ती उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलत नाही. त्याच मांडणीत आधी त्याचे ठिपके टिपून घ्या, मग तुमच्या डायोडचे. प्रयोगशाळेतलं 15000 रेषा प्रति इंचाचं ग्रेटिंग (बारीक समांतर रेषांची पट्टी) मिळालं तर सीडीपेक्षा ठिपके स्वच्छ येतात.

तापमान विसरणं

लाल डायोडची तरंगलांबी तापमानासोबत साधारण दर अंशाला 0.2 नॅनोमीटर लांबते. वातानुकूलित खोलीतल्या 25 अंशांत मोजलेला 638 चा डायोड मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर 45 अंशांत नेलात तर तो 642 च्या आसपास जातो, आणि नुसत्या एवढ्यानेच डोळ्याला तो सुमारे 15 टक्के मंद भासतो. त्यात 635-638 चे डायोड उष्णतेला जास्त हळवे. तापले की त्यांचा लेझिंग सुरू होण्याचा करंट भराभर वर चढतो, त्यामुळे खरी ताकदही घटते. चालू केल्यावर "सुरुवातीला मस्त होता, दोन मिनिटांत उतरला" अशी तक्रार असेल तर पहिला संशय उष्णतेवर घ्या. मॉड्यूल पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात घट्ट बसवा, पाच मिनिटं चालू राहू द्या, मगच तुलना करा. दोन्ही मॉड्यूल एकाच वेळी चालू केलेले असावेत.

मोबाईलच्या फोटोवरून निर्णय

हा तर हमखास फसवणारा मार्ग. कॅमेऱ्यात ठिपक्याचा मधला भाग इतका जास्त उजळतो की लाल पिक्सेल भरून जातात, शेजारच्या हिरव्या पिक्सेलपर्यंतही काही प्रकाश पोचतो आणि ठिपका केशरी, पिवळट, कधी पांढरा उमटतो. एक्स्पोजर उतरवून हे टाळलंत तरी दुसरी अडचण उभी. कॅमेऱ्यातला अवरक्त किरण अडवणारा फिल्टर बहुतेक फोनमध्ये 650 च्या आसपासच प्रकाश खायला लागतो, म्हणून 660-670 फोटोत प्रत्यक्षाहून जास्त मंद येतात. आणि तिसरी अडचण पडद्याची. एसआरजीबी या नेहमीच्या रंगमानकाच्या पडद्याचा सर्वांत शुद्ध लाल सुमारे 612 नॅनोमीटरच्या छटेचा असतो आणि तोही पूर्ण शुद्ध नसतो. त्यामुळे 635 असो की 670, पडदा दोन्हींसाठी तोच एक लाल दाखवतो. फोटोत जो फरक दिसतोय तो एक्स्पोजरचा आणि व्हाइट बॅलन्सचा. अशा फोटोंवरून "कोणता घ्यावा" हे ठरवणाऱ्यांची मला खरंच कीव येते.

ठिपक्याशी ठिपका ताडणं

केंद्रित झालेला बारीक ठिपका आणि पसरट ठिपका यांची तुलना होत नाही. दोन मॉड्यूलची लेन्स वेगळी बसवलेली असते, एकाचा झोत लांबट, दुसऱ्याचा गोल, आणि जास्त ताकदीच्या डायोडचा तर चक्क पट्टा पडतो. त्यात लेझरच्या प्रकाशात जी रवाळ चमचम दिसते ती डोळ्याला आणखी गोंधळात टाकते.

मांडणी बदला. पांढऱ्या, बिनचमकीच्या पुठ्ठ्याच्या मध्यावर काळ्या कागदाची उभी भिंत लावा. दोन्ही झोतांच्या वाटेत ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर धरा, म्हणजे प्रकाश पसरून भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन सपाट लाल चौकोन पडतील. आता हे चौकोन समोरून, पुठ्ठ्यावरून परतलेल्या उजेडात बघा. बटर पेपरच्या मागून थेट लेझरच्या दिशेने बघू नका, त्यातून झोताचा काही भाग सरळ निसटतो. चौकोनांचा उजेड पोलरॉइडने जुळवा आणि मग छटेबद्दल बोला.

पृष्ठभागही तटस्थ हवा. फिकट हिरवी किंवा निळी भिंत लाल प्रकाश बराचसा गिळते. झाडाच्या पानांवर ठिपका टाकून तुलना करणं तर अगदीच निरुपयोगी, कारण पानातलं हरितद्रव्य 660-680 च्या पट्ट्यातला प्रकाश विशेष आवडीने शोषतं. 635 उजळ दिसेल आणि 670 नाहीसा होईल, पण तो पानाचा गुण.

अंधाराबद्दलही एक सूचना. अंधारात पंधरा-वीस मिनिटं बसून डोळे सरावले की दंडपेशी कामाला लागतात, आणि त्या लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात. त्यांची सर्वाधिक संवेदनशीलता 507 नॅनोमीटरला. त्यामुळे काळोखात अतिमंद लाल चौकोन ताडायला गेलात तर वरचे आकडे लागू पडत नाहीत. खोलीत थोडा दिवा असू द्या.

डायोड लेझर म्हणून चालतोय की नाही हे न बघणं

सेल उतरलेला असेल किंवा 5 व्होल्टचं मॉड्यूल 3.3 व्होल्टवर जोडलं असेल, तर डायोड नुसता एलईडीसारखा लाल मिणमिणत बसतो. अशा वेळी वर्णपट पसरट होतो आणि लेबलवरच्या तरंगलांबीला काही अर्थ उरत नाही. स्वस्त मॉड्यूलमध्ये ड्रायव्हरच्या नावाखाली बऱ्याचदा एक रेझिस्टर असतो, त्यामुळे व्होल्टेज थोडंसं हललं तरी उजेड बराच हलतो. ओळखण्याची खूण सोपी: पुठ्ठ्यावरच्या ठिपक्यात ती रवाळ चमचम दिसते का? दिसत नसेल आणि सीडीवरचे बाजूचे ठिपके फिसकटलेले असतील, तर आधी वीजपुरवठा तपासा.

फोटोडायोडवर चालणारा पॉवर मीटर वापरणार असाल तर त्यावर तरंगलांबी बरोबर निवडलेली आहे का तेही बघा. फोटोडायोडमधलं सिलिकॉन 635 पेक्षा 670 ला जास्त प्रतिसाद देतं. आकडा थोडाच चुकतो, पण चुकतो. उष्णतेवर चालणाऱ्या थर्मोपाइल मीटरला ही अडचण नाही.

हे सगळं करूनही दोघा जणांची मतं जुळली नाहीत, एकाला 660 चा चौकोन नीट दिसतोय आणि दुसरा "जवळजवळ काळाच आहे" म्हणतोय, तर वाद घालू नका. लांब तरंगलांबीच्या शंकूपेशी नसलेल्या किंवा वेगळ्या असलेल्या माणसांना, आणि ते बहुधा पुरुषच असतात, गडद लाल फारच मंद दिसतो. अनेकांना हे तोवर ठाऊकही नसतं. अशा माणसाला इशिहाराच्या तक्त्यांनी (रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेल्या रंगांधळेपणाच्या चाचणीने) डोळे तपासून घ्यायला सांगा, आणि त्याची नोंद वेगळी ठेवा.