लॅपटॉपला एसएसडी टाकायचीय? मग स्क्रूड्रायव्हर सध्या ड्रॉवरमध्येच राहू द्या

जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवायला फार तर अर्धा तास लागतो. पण आधीची तयारी अर्धवट असेल तर त्याच अर्ध्या तासाचे दोन दिवस होतात, हे मी स्वतः भोगलंय, म्हणून यादी सांगतो आणि क्रम मुद्दाम असा ठेवलाय की लॅपटॉप उघडायचं काम सगळ्यात शेवटी येतं.

आधी बघा की दुखणं खरंच डिस्कचं आहे का. टास्क मॅनेजर उघडा आणि नेहमीचं काम करताना डिस्क आणि मेमरी दोन्हींवर नजर ठेवा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली दिसली की आपण लगेच तिला दोष देतो, पण रॅम ४ जीबी असेल आणि ती भरली असेल तर विंडोज उरलेला पसारा डिस्कवर ढकलत बसतं आणि त्यामुळेसुद्धा डिस्क शंभरवर जाते. अशा वेळी एसएसडीने फरक पडेल, नाही असं नाही, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की परत तेच रडगाणं. रॅमचा स्लॉट रिकामा असेल तर दोन्ही एकदमच आणा, मागचं झाकण तसंही उघडणारच आहात.

मग कुठली एसएसडी बसते ते शोधायचं, आणि इथेच मी आपटलो होतो. माझ्या लॅपटॉपला एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) आहे एवढं वाचून मी खुशीत एनव्हीएमई ही जास्त वेगवान प्रकारची एसएसडी घेऊन आलो, बसली पण नीट, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये) काही दिसेचना, कारण तो स्लॉट फक्त साटावाला, म्हणजे जुन्या, हळू जोडणीचा होता. दोन्ही प्रकार दिसायला जवळपास सारखेच, २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, त्यामुळे नुसतं बघून ठरवू नका, तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधून त्यात सपोर्ट कशाला आहे ते वाचा. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा साधी २.५ इंची साटा डिस्कच असते आणि मग काही डोकेफोड नाही, फक्त जाडी बघायची: जुन्या हार्ड डिस्क बऱ्याचदा ९.५ मिमीच्या आणि एसएसडी ७ मिमीची, म्हणून ती आत खुळखुळू नये यासाठी प्लास्टिकची चौकट लागते. काही स्वस्त, सडपातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, तिथे बदलण्यासारखं काही नसतं, हे पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं.

वेगाच्या आकड्यांच्या मागे फार लागू नका. साटा एसएसडी साधारण ५५० एमबी प्रति सेकंदाच्या आसपास थांबते, साटाची जुनी दुसरी पिढी (साटा-२) असेल तर त्याच्याही निम्म्यावर, आणि तरीही लॅपटॉप नवा वाटतो, कारण हार्ड डिस्कचा खरा त्रास वेगळाच आहे. प्रत्येक छोट्या फाइलसाठी तिची सुई फिरत्या तबकडीवर सरकून योग्य जागी जाते, त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, आणि विंडोज चालू होताना अशा हजारो छोट्या फाइल लागतात. एसएसडीमध्ये सरकणारं काही नाहीच. म्हणून जुन्या मशीनसाठी सगळ्यात वेगवान मॉडेलवर पैसे घालवण्यापेक्षा तेच पैसे जास्त जागेवर घाला. आणि ५१२ जीबीची घेतली आणि विंडोजने ४७६ दाखवली तर दुकानदाराशी भांडू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या डिस्कची तब्येत तपासा, क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट आहे, दोन मिनिटांत कळतं. पिवळा रंग दिसला, म्हणजे पेंडिंग किंवा रिअलोकेटेड सेक्टर (डिस्कचे खराब होत चाललेले तुकडे) वाढलेत, तर क्लोनिंगच्या, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवण्याच्या नादी लागू नका. तासन्‌तास सलग वाचायला लावलं तर आधीच मरायला टेकलेली डिस्क मधेच मान टाकू शकते. आधी फोटो, कागदपत्रं, जे परत मिळणार नाही ते हाताने कॉपी करून घ्या, बाकीचं नंतर. आणि तब्येत ठणठणीत असली तरी बॅकअप हा वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवरच पाहिजे. क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे, क्लोन करताना सोर्स आणि टार्गेट उलटं निवडलं तर रिकामी एसएसडी तुमच्या भरलेल्या डिस्कवर क्लोन होते आणि मग हातात काहीच उरत नाही.

बॅकअपमध्ये लोक डॉक्युमेंट्स घेतात आणि बाकीचं विसरतात. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स, ब्राउझरचे बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल (हिच्यात मेल असतात), अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरने सी ड्राइव्हवर कुठेतरी स्वतःच बनवलेलं फोल्डर. आणि हो, मराठीचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट! ते राहिले तर दहा वर्षांपूर्वी टाइप केलेलं सगळं नुसती चिन्हांची खिचडी होऊन समोर येतं. कॉपी झाल्यावर चार-पाच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, नुसता फोल्डरचा साइज बघून समाधान मानू नका.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, चालू आहे का तेही बघा, कधीकधी विंडोजने स्वतःहून एन्क्रिप्शन चालू केलेलं असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहा, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून काय उपयोग.

क्लोन की नवीन इन्स्टॉल? माझं मत विचाराल तर चार-पाच वर्षं साठलेला कचरा नव्या घरात कशाला न्यायचा, नवीनच टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो (इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचा), त्यामुळे मशीन फारच जुनं असेल तर लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचाही विचार याच टप्प्यावर करून टाका. विंडोजच टाकणार असाल तर ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लागेल, लायसन्सची काळजी नको, डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलून ते जात नाही. फक्त वायफायचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट नाही आणि नेट चालू करायला ड्रायव्हर नाही.

क्लोनच करायचा असेल तर एसएसडी बाहेरून जोडायला यूएसबी-साटा केबल लागते, विंडोजचं फास्ट स्टार्टअप (मशीन पूर्ण बंद न करणारी सोय) बंद करायचं, चार्जर लावून ठेवायचा. क्लोनझिला हे क्लोन करायचं सॉफ्टवेअर साधारणपणे टार्गेट डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी मागतं, एसएसडी लहान असेल तर आधी पार्टिशन आखडून घ्या.

बायोसच्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढा, खास करून डिस्कचा मोड एएचसीआय की आयडीई, आणि बूटचा मोड यूईएफआय की लेगसी. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपून किंवा चुकून सेटिंग बदललं आणि क्लोन बूटच होत नसेल तर हेच फोटो वाचवतात.

आता काढा स्क्रूड्रायव्हर. बारीक फिलिप्स, शक्यतो योग्य मापाचा, नाहीतर स्क्रूचं डोकं झिजतं. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवा, कारण लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला फुगवटा येतो. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो, माझा दहावा तिथेच होता. कडेने जुनं प्लास्टिक कार्ड सरकवा. बॅटरी काढा, आतली असेल तर तिचं कनेक्टर सोडवा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. कीबोर्ड वर उचलावा लागत असेल तर खालची पट्टी केबल जपा, ती फाटली की कीबोर्ड गेला. जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट आणि तिचे चार स्क्रू फेकू नका, नव्या एसएसडीला तेच लागतात.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करायची नाही. यूएसबी केसमध्ये घाला, वर तारखेची चिठ्ठी लावा आणि निदान महिनाभर तिला हात लावू नका, विसरलेली फाइल दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच आठवते.