लॅन केबल जोडूनही नेट संथ? या चुका टाळा

"पैसे 200 चे घ्यालेत आन् येतंय 94 च की बे!" सोलापूरच्या पूर्व भागात राहणारे माझे मामा फोनवर कावले होते. प्लॅन 200 एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला 200 मेगाबिट वेगाचा. मोबाईलला वायफायवर 190 मिळत होता आणि तारेने जोडलेला कॉम्प्युटर 94 च्या पुढे सरकत नव्हता. नेटवाला दोनदा येऊन मोबाईलवर स्पीड दाखवून गेलेला. मला मात्र 94 या आकड्यावरूनच निम्मा उलगडा झाला.

स्पीड टेस्ट दर वेळी 93 ते 95 वर अडकत असेल, तर दोष बहुधा घरातच आहे. म्हणजे कॉम्प्युटर आणि राउटरमधला जोड 1000 ऐवजी 100 एमबीपीएसवर ठरलाय. डेटा छोट्या छोट्या पाकिटांतून जातो आणि वेगातले पाचेक टक्के त्या पाकिटांवरचे पत्ते-शिक्के लिहिण्यात जातात, म्हणून 100 ऐवजी 95 च्या आसपास दिसतं.

तेव्हा पहिली चूक म्हणजे हा जोड न बघताच कंपनीला फोन लावणं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट उघडा आणि लिंक स्पीड वाचा. 1000/1000 असेल तर तार बहुतेक ठीक आहे. 100/100 असेल तर पुढे वाचा.

100 च्या वेगाला आठपैकी चारच तारा पुरतात: 1, 2, 3 आणि 6 नंबरच्या. 1000 ला आठही लागतात. उरलेल्या चारांपैकी एक जरी तुटली, तरी बहुतेक नेटवर्क कार्डं (कॉम्प्युटरमधला केबल जोडायचा भाग) गुपचूप 100 वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही. मामांच्या घरी केबल बऱ्याच वर्षांपूर्वी ओढलेली. तेव्हाच्या कारागिराने चारच तारा प्लगमध्ये घालून उरलेल्या चार कापून टाकल्या होत्या. 40 च्या प्लॅनला ते खपून गेलं. प्लॅन 200 चा झाला आणि बिंग फुटलं.

प्लग नवीन मारायचा तर रंगांचा क्रम पाळा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. "दोन्ही टोकांना सारखं असलं की झालं" असं म्हणत एकेका रंगाची जोडी ओळीने लावणारे भेटतात. तसं करू नका. केबलमध्ये तारा दोन-दोनच्या पीळ घातलेल्या जोड्यांत असतात, आणि 3 व 6 नंबरच्या तारा एकाच जोडीतल्या, एकमेकींना पीळ घातलेल्याच हव्यात. तो पीळ मोडला की शेजारच्या जोडीचा सिग्नल आत घुसतो. गंमत म्हणजे दिवे लागणारा स्वस्त टेस्टर अशा केबललाही आठच्या आठ दिवे दाखवून पास करतो.

केबल घेताना "तांब्याचीच ना?" हे दुकानदाराला विचाराच. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त आणि वाकवली की लवकर तुटते. घरासाठी कॅट 5 ई या प्रकारची केबल पुरते. 1000 चा वेग ती 100 मीटरपर्यंत नेते. त्याच्या वरच्या दर्जाची कॅट 6 घेतली तर उत्तमच, पण त्याहून महाग केबलवर पैसे घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आपल्याकडे आणखी एक खोड आहे, साधी केबल गच्चीवरून टाकायची. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. घरातल्या केबलचं आवरण त्या उन्हात कडक होऊन तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरतं. वळवाच्या विजा कडाडताना तर अशी तार थेट पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, जाळू शकते. गच्चीवरून न्यायचीच असेल तर बाहेरच्या वापराची केबल पाइपातून न्या. खाली माग चालत असतील तर मोटारीच्या वायरीला बांधून नेऊ नका, अंतर ठेवा. आणि प्लग-सॉकेटमध्ये साचलेली कापसाची धूळ अधूनमधून झटका.

केबल निर्दोष असूनही 100 च दिसतंय? मग राउटरचे पोर्ट बघा. स्वस्त राउटरच्या खोक्यावर वायफायचा आकडा मोठा छापलेला असतो आणि लॅन पोर्ट मात्र 10/100 चेच, म्हणजे जास्तीत जास्त 100 चे असतात. तिथे केबल बदलून काही उपयोग नाही.

यूट्यूबवर बघून कार्डच्या सेटिंगमध्ये "100 फुल डुप्लेक्स" (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) ठोकून बसवणं हीसुद्धा महागात पडणारी हुशारी. समोरच्या राउटरला मग अंदाज करावा लागतो आणि तो हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकच दिशा, धरतो. टकरा सुरू होतात, वेग कोसळतो. ते सेटिंग ऑटो निगोशिएशनवरच राहू द्या, म्हणजे वेग दोन्ही टोकं आपसात ठरवतात.

एक गैरसमजही आहे: 200 च्या प्लॅनवर डाउनलोड 24 दिसलं म्हणून ओरड नको. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, तो आकडा मेगाबाइटमध्ये; एका बाइटमध्ये 8 बिट. 8 ने गुणा.

एवढं करूनही वेग येत नसेल, तर राउटर बाजूला ठेवून कंपनीच्या खोक्याला कॉम्प्युटर थेट जोडा आणि सकाळी, रात्री अशी दोनदा टेस्ट घ्या. तक्रार करताना वेळ, आलेला वेग आणि लिंक स्पीड तिन्ही सांगा. लिंक स्पीड 1000 आहे म्हटल्यावर मोबाईल दाखवून निघून जाणं त्यांनाही अवघड जातं.